वांग्याच्या आमलेटात मी पास झालो

सुमनने आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे वांगं सोलणं. त्रेचाळीस वर्षांच्या संसाराचा शेवट काहीतरी बऱ्या कामाने व्हायला हवा होता, पण आमच्या वाट्याला वांगं आलं. आणि तेही मला धड सोलता आलं नाही.

तेव्हा पुण्या-मुंबईची कॉम्प्युटरवाली पोरं धडाधड जपानला निघाली होती. त्यात आमचा नितीनही होता. टोकियोत कोतो नावाच्या भागात नवव्या मजल्यावर तो आणि आमची सून रूपाली राहायचे. आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेलो होतो. मी सातवीपर्यंत शिकलेला, चिंचवडच्या कारखान्यात तीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस. तिथे मला काहीच वाचता यायचं नाही. (इथेही फार येतं असं नाही.) सुमन माझ्याहून कमी शिकलेली, पण तिने आठ दिवसांत शेजारीण पटवली.

शेजारणीचं नाव मारिसेल. मूळची फिलिपिन्सची, नवरा जपानी, स्वतः जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात कामाला. ती सुमनशी तिच्या भाषेत बोलायची, सुमन तिच्याशी मराठीत. दोघी तास तास बोलत बसायच्या. आम्ही एका भाषेत बोलूनही त्रेचाळीस वर्षांत एवढं बोललो नसू.

त्या दिवशी मारिसेल सुमनला त्यांच्याकडचं वांग्याचं आमलेट शिकवत होती. वांगं अख्खं विस्तवावर भाजायचं, साल काढायचं, काट्याने चेपून सपाट करायचं, फेटलेल्या अंड्यात बुडवायचं आणि तव्यावर टाकायचं. भरीत करायला बसलेल्या बाईचा मधेच विचार बदलला, असा तो पदार्थ. मी नुसता बसून होतो म्हणून सुमनने एक वांगं माझ्यापुढे सरकवलं. मी साल काढलं आणि देठही उपटला.

"अहो, देठ कशाला उपटलात?"

"भरताला देठ ठेवतात का?"

"हे भरीत नाही. देठाला धरूनच ते अंड्यात बुडवायचंय. तुम्ही बसा तिकडे. इतकी वर्षं बसलात, आजच कसे हात शिवशिवले?"

मारिसेल पोट धरून हसली. तिला मराठी येत नव्हतं, पण नवऱ्याला झापलेलं सगळ्या देशांत कळत असावं.

त्यानंतर दोनच दिवसांनी सुमन दुपारी पडली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

दिवस झाले. आलेली माणसं गेली. मग एका संध्याकाळी नितीन माझ्यासमोर मांडी घालून बसला. हा पोरगा मांडी घालून बसला की काहीतरी भानगड असते, हे मला तो चौथीत असल्यापासून माहीत आहे.

"बाबा, मी ऑफिसात सांगितलंय. नोकरी सोडतोय. आपण सगळेच चिंचवडला जाऊ."

"तुझा करार अजून दोन वर्षांचा आहे ना?"

"आहे. मोडतो."

"का?"

"तुम्ही तिकडे एकटे कसे राहणार? नाहीतर मग इथे राहा आमच्याजवळ. व्हिसाचं मी बघतो."

"नवव्या मजल्यावर दिवसभर मी काय कावळे मोजू? मी माझ्या घरी जाणार. तू तुझी नोकरी कर."

"आणि खाणार काय?"

"करून खाईन."

नितीन आणि रूपालीने एकमेकांकडे पाहिलं. घरात चोर शिरला तर माणसं असं बघतात.

"बाबा," रूपाली हळूच म्हणाली, "चहात आधी काय घालायचं असतं?"

मी विचार केला. "कप."

त्या उत्तरावर पोराची नोकरी जवळपास गेलीच होती. पण मी हट्टाला पेटलो. ह्या पोराला शिकवायला मी डोळे जाळलेत वेल्डिंगने. माझ्या दोन घासांसाठी त्याने हातातलं काम टाकायचं? शेवटी असं ठरलं, की शनिवारी मी एकट्याने, कुणाच्या मदतीशिवाय, एक पदार्थ करून दोघांना जेवू घालायचं. जमलं तर मी एकटा चिंचवडला आणि नितीन त्याच्या नोकरीवर. नाही जमलं तर तो राजीनामा देणार.

"काय करणार, बाबा?"

"वांग्याचं आमलेट," मी म्हणालो. दुसरं काही होताना मी जन्मात पाहिलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी दोघं मुद्दाम बाहेर गेली. एक वाजता जेवायला येतो म्हणाली. मी खालच्या दुकानात गेलो. वांग्याला तिथे 'नासू' म्हणतात. मला हे नाव पहिल्यापासून पसंत नव्हतं. पैसे देऊन आणायचं आणि नावातच नासलेलं. मी तिथल्या मुलीला म्हणालो, "नासू नको, चांगलं दे." तिला 'नासू' तेवढं कळलं. तिने वाकून नमस्कार केला आणि आणखी एक पाकीट आणून दिलं. एका पाकिटात तीन, म्हणजे सहा वांगी झाली. वर दहा अंडी घेतली.

घरी आलो, शेगडी पेटवली आणि तीन वांगी जाळावर ठेवली. जरा तापली की शेगडी पीं करायची आणि जाळ आपोआप बारीक व्हायचा. मी मोठा करायचो, ती बारीक करायची. मधोमध एक बटण वर आलेलं होतं, तिथून तिला ताप कळत होता. तीस वर्षं आगीशी खेळलेल्या माणसाला आता शेगडी शिकवणार? मी त्या बटणावर ओल्या फडक्याची घडी ठेवली. शेगडी गप्प झाली. मला फार बरं वाटलं. माझं ऐकणारं त्या घरात तेवढंच कुणीतरी होतं.

वांग्याला आधी टोचे मारायचे असतात. हे मला माहीत नव्हतं.

पहिलं वांगं फुटलं तेव्हा मी वाकून अंडी फोडत होतो. नुसता आवाज ऐकला आणि जमिनीवर बसलो. दुसरं फुटलं ते छताला चिकटलं. तिसऱ्याची मी वाट बघत होतो, तेवढ्यात ओलं फडकं सुकलं आणि पेटलं. धूर झाला. असा धूर, की मला माझे स्वतःचे हात दिसेनात. आणि त्या धुरात भिंतीवरून एक बाई बोलायला लागली.

"काजी देस. काजी देस."

आवाज इतका अदबीचा, की बँकेत नंबर पुकारतेय असं वाटावं. मी म्हटलं, ही कोण आणि हिला काजी कशाला हवाय? आमच्यात भटजी येतात, आणि ते येऊनही गेले. मी भिंतीकडे बघून सांगितलं, "इथे काजी नाही, बाई. घर चुकलं." ती ऐकेना. (ते धूर झाला की बोलणारं यंत्र होतं, आणि काजी म्हणजे जपानीत आग. हे मला दुपारी कळलं.)

इतक्यात कुणीतरी दार बडवायला लागलं. बाहेरून मारिसेल ओरडत होती, "सुनोग! सुनोग!"

आता ही आमच्या रूपालीला हाक मारतेय, असंच मला वाटलं. सून, आणि वर 'गं'. सुमनच्या संगतीने हिला मराठी यायला लागलं म्हणून मला भरूनसुद्धा आलं. मी आतूनच ओरडलो, "सून घरात नाही!"

"सुनोग!"

"अगं बाजारात गेलीय! एक वाजता ये!"

"सुनोग! सुनोग!"

मी वैतागून दार उघडलं. म्हटलं, बघ तुझ्या डोळ्यांनी, आहे का सून. ती मला बाजूला ढकलून आत शिरली, गॅस बंद केला, जळकं फडकं चिमट्याने उचलून सिंकमध्ये टाकलं आणि खिडक्या उघडल्या. तिच्या भाषेत सुनोग म्हणजेही आगच. दोन देशांच्या दोन बायका मला आग लागली म्हणून सांगत होत्या, आणि मी एकीला काजी नाही म्हणत होतो, दुसरीला सून नाही म्हणत होतो.

आग विझली होती. इथे थांबायला हरकत नव्हती. पण तेवढ्यात इमारतीचे व्यवस्थापक आले. सत्तरीचे गृहस्थ, डोक्याला टोपी, हातात आग विझवायचं लाल नळकांडं. नऊ मजले धावत आलेले असावेत. दारात थांबून त्यांनी बूट काढले. बुटांची टोकं बाहेरच्या बाजूला वळवून जोडी नीट लावली. मला वाकून नमस्कार केला. मीही केला. मग ते आत गेले आणि नळकांडं पूर्ण रिकामं होईपर्यंत स्वयंपाकघरावर मारलं. गुलाबी पूड निघाली त्यातून. शेगडी गुलाबी, छत गुलाबी, फोडलेली अंडी गुलाबी. मी मधे उभा होतो, म्हणजे मीही. मग त्यांनी पुन्हा नमस्कार केला आणि बूट घालून गेले.

बारा वाजले होते. तीन वांगी आणि चार अंडी पाकिटात शाबूत होती.

मारिसेलने मला खुणेने तिच्या घरी चल म्हटलं. तिच्या ओट्याशी गेलो तर ती स्वतःच वांगी धुवायला लागली. मी तिचा हात धरला. "नाही. मदत चालत नाही. परीक्षा आहे. पोराची नोकरी जाईल." तिला काय कळलं देव जाणे. पण तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मग ती तिथूनच तिच्या भाषेत ओरडत राहिली आणि मी मराठीत तिला उलट उत्तरं देत राहिलो. एकदा मी देठाला हात घातला तर तिने असा आवाज काढला, की मी हात मागे घेतला. बरोबर सुमनसारखा.

एक वाजता तीन आमलेटं तयार होती. दिसायला चपलेसारखी होती, पण तीन होती. एक सुमनच्या फोटोपुढे ठेवावं असं मनात आलं होतं. मग म्हटलं, जिवंतपणी तिने माझ्या हातचं काही खाल्लं नाही, आता कशाला तिला त्रास.

नितीन आणि रूपाली आली. त्यांनी गुलाबी स्वयंपाकघर बघितलं, गुलाबी बाप बघितला.

"बाबा, लागलं का कुठे?"

"नाही. बसा. गार होईल."

दोघं पलीकडच्या खोलीत बसली. मी वाढलं. मी स्वतः खाल्लं नाही, कारण शनिवारी माझा उपास असतो. त्यामुळे करताना चाखायचाही प्रश्न नव्हता. नितीनने एक घास घेतला, थांबला आणि मान खाली घालून खात राहिला. पहिलं संपवलं. दुसरं अर्धं मागून घेतलं. रूपालीने एक खाल्लं आणि चार पेले पाणी प्यायली.

"कसं आहे?"

"चांगलं झालंय, बाबा," नितीन म्हणाला. डोळे पुसले. धूर अजून होता घरात.

"मग?"

"मग काय. पास. पंधरा दिवसांनंतरचं तिकीट काढतो. मी राजीनामा देत नाही."

दिवसभर मी छाती काढून फिरलो. भिंती पुसल्या त्याही छाती काढून. चिंचवडला भावाला फोन करून सांगितलं, की बायकांनी उगाच ह्या स्वयंपाकाचा एवढा बाऊ करून ठेवलाय, काही अवघड नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी उठलो. रविवार, उपास सुटलेला. फ्रिजमध्ये कालचं अर्धं आमलेट बशीत झाकून ठेवलेलं होतं. म्हटलं, आपल्या हातची चव आपणही बघावी.

मीठ नव्हतं. आत वांगं कच्चं होतं, बाहेर अंडं करपलेलं होतं. दुसऱ्या घासाला अंड्याचं कवच लागलं, तिसऱ्याला मोठं कवच लागलं. चौथा घास मी घेतला नाही. हे असलं दीड आमलेट माझ्या पोराने मान वर न करता खाल्लं होतं, आणि वर चांगलं झालंय म्हणाला होता. बापाला पुढच्या वर्गात ढकललं होतं त्याने.

सातवीत नापास झालो तेव्हा शिकवणी लावा म्हणून सांगायला मास्तर घरी आले होते, आणि मी मागच्या दाराने पळालो होतो. ह्या वेळी नऊ मजले खाली गेलो, दुकान उघडेपर्यंत दारात उभा राहिलो, तीन वांगी घेतली, वर आलो आणि स्वतःहून मारिसेलचं दार वाजवलं. हाताशी पंधरा दिवस होते.

तिने दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या वांग्यांकडे बघितलं. मग मला तिथेच थांब अशी खूण करून आत गेली, गॅसचा मुख्य कॉक बंद केला, आणि मगच मला घरात घेतलं.