मोहन्याची इमारत आणि आगवणकर मॅडम

डॉ. सुलभा आगवणकर मॅडमना मी प्रथम पाहिले, तेव्हा त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत चिखलाने माखलेले होते. ठाण्यातल्या आमच्या महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाचा पहिला तास होता. इमारतीच्या भाराखाली जमीन कशी दबते, हे संगणकावर कसे मांडायचे ते शिकायला आम्ही आलो होतो. टेबलावर मात्र खाडीकाठच्या मातीचे गोळे होते.

"घाला हात," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, नवीन ड्रेस आहे," मी चाचरत म्हटले.

"मग उद्या जुना घालून ये. माती काही बदलणार नाही."

मॅडमच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या संशोधनाविषयी अधिकारी मंडळी लिहितीलच. मी त्यांची विद्यार्थिनी आणि नंतर अनेक वर्षे सहकारी. त्यांचा विषय उथळ पाया, म्हणजे खोल खांब न रोवता जमिनीच्या वरच्या थरावरच टेकवलेला पाया. कल्याण-डोंबिवलीतल्या बहुतेक जुन्या इमारती अशाच उभ्या आहेत. जमिनीचे हजारो लहान त्रिकोण पाडून प्रत्येक त्रिकोण किती दबेल, हे सॉफ्टवेअरकडून काढून घ्यायचे, हे तंत्र आमच्या भागात मॅडमनी रुजवले. पण त्यांची खरी ओळख मला पटली ती कल्याणजवळच्या मोहन्याच्या एका इमारतीमुळे.

चार मजल्यांची साधी सोसायटी. शेजारच्या प्लॉटवर नव्या बांधकामासाठी खोल खड्डा खणला गेला आणि हिच्या भिंतींना भेगा पडू लागल्या. कुणी म्हणे पाडावीच लागेल, कुणी म्हणे काही होत नाही. रहिवासी मॅडमकडे आले. आम्ही मॉडेल तयार केले, खड्ड्याचा एकेक टप्पा त्यात खणला. उत्तर आले, पाया जेमतेम खचेल, इमारत सुरक्षित आहे. रहिवाशांनी पेढेसुद्धा आणले. मॅडमनी पेढ्यांना हात लावला नाही.

"भिंतीवर आपण खुणा केल्यात ना? त्या खुणा सांगतायत, कोपरा याच्या कितीतरी पट खाली गेलाय. मॉडेल आणि भिंत यांचं जमत नाही, तोवर मी सही करणार नाही."

लोक चिडले. "इमारत पाडायला लावायची म्हणून बिल्डरनं फिरवलं वाटतं मॅडमना," असेही कुणी बोलले. मॅडमनी ते ऐकले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोहन्याला गेल्या. आवारातल्या विहिरीत वाकून पाहिले, तर तळ दिसत होता. शेजारी खड्डा कोरडा ठेवण्यासाठी पंप अखंड चालू होता. खड्ड्याबरोबर या इमारतीखालचेही पाणी उपसले जात होते, आणि पाणी गेलेली चिकणमाती भाराखाली आकसत चालली होती. आमच्या मॉडेलमध्ये पाण्याची पातळी मात्र जुनीच होती. ती बदलून गणित पुन्हा चालवले, तेव्हा आकडे भिंतीवरच्या खुणांशी जुळले. पंप असाच चालला, तर रस्त्याकडचा कोपरा धोक्यात होता.

हे सांगायला मॅडम स्वतः सोसायटीच्या सभेत उभ्या राहिल्या. सेक्रेटरी उसळून म्हणाले, "मॅडम, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?"

"तुमच्याच. म्हणून सांगतेय, पंप बंद होऊन पायाला आधार मिळेपर्यंत त्या कोपऱ्यातल्या घरांत कुणी झोपू नका. इमारत वाचेल. पण आधी माणसं बाहेर काढा."

बाकीचे नातेवाइकांकडे गेले. तळमजल्यावरच्या पाटकर काकूंना कुणी नव्हते, आणि काका अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. काकू म्हणाल्या, "यांना घेऊन मी जाऊ कुठे? पडलं तर पडलं घर."

मॅडम त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. "माझ्याकडे चला. ठाण्याला, वर्तकनगरच्या माझ्या इमारतीत लिफ्ट आहे, आणि मी एकटीच असते."

मला वाटले, वेळ मारून नेण्यासाठी म्हणाल्या असतील. संध्याकाळी रुग्णवाहिका मॅडमच्याच दारात थांबली. बाहेरच्या खोलीत, संगणकाशेजारी काकांची खाट पडली. आम्ही पडद्यावर जमीन कुठे किती दबतेय ते दाखवणारे रंगीत नकाशे पाहत बसायचो आणि काका मान वळवून अडखळत विचारायचे, "काय गं, आज आमचं घर कुठल्या रंगात?" लाल म्हटले की तोंड भिंतीकडे फिरवायचे. मॅडम उठून त्यांना चहा पाजायच्या. चहा अगदी वाईट असायचा. काका तो पूर्ण प्यायचे.

मॅडमचे गणित घेऊन रहिवासी पालिकेत गेले. पंप बंद झाला, खड्डा तात्पुरता भरून घेतला गेला, पायाखाली सिमेंटचे मिश्रण भरून आधार देण्यात आला. एके दिवशी मॅडम पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "काका, हिरवं." काका रडले. पावसाळा संपल्यावर काका-काकू घरी परतले. इमारत आजही उभी आहे, आणि काकू दर दिवाळीला वर्तकनगरला फराळ घेऊन येतात.

मॅडम चटकन रागावतात, आणि तितक्याच चटकन विसरतात. माझ्या बाळंतपणानंतर मी काम सोडायचे ठरवले, तेव्हा त्या डोंबिवलीला माझ्या घरी आल्या, बाळाला मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, "अगं, हा झोपेल माझ्याकडे. तू ते अर्धं राहिलेलं मॉडेल उघड." आज माझे स्वतःचे कार्यालय आहे, ते त्या दुपारमुळे.

गेल्या आठवड्यात त्यांनी फोन करून विचारले, "भूकंपात उथळ पाया कसा वागतो, त्याचं नवीन तंत्र आलंय म्हणे. शिकवशील मला?" पंच्याहत्तराव्या वर्षी गुरू शिष्येकडे शिकायला बसणार आहेत. मी अभ्यास करून ठेवला आहे, कारण प्रश्न अवघड येणार.

मॅडम, तुमच्या गुडघ्यांना बळ मिळो, डोळे असेच तीक्ष्ण राहोत, आणि आमच्या चुका काढायला तुम्हाला अजून पुष्कळ वर्षे लाभोत. चुका पुरवायला आम्ही कमी पडणार नाही.