उजवा डॉस, डावा युनिक्स

आमच्या पतसंस्थेत कंप्युटर आला तो देवाच्या मर्जीने. हसू नका. मी तिथे हात जोडून उभी होते.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. रत्नागिरीतल्या त्या पतसंस्थेत मी रोजंदारीवर कारकून होते. नवऱ्याची मुंबईतली गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, आणि तो तिथेच मिळेल ते काम करत होता. मी इथे नणंदेच्या पडवीत, आणि पाच वर्षांची लेक माझ्या आईकडे, मंडणगडला. चेअरमन म्हणाले होते, "कंप्युटर येतोय. तू शिकून ये, बाय. आला की तुला कायम करतो." कायम झाले की खोली घ्यायची आणि लेकीला आणायची, एवढंच माझं गणित. म्हणून मुंबईला नवऱ्याच्या खोलीत दाटीवाटीने राहून क्लास केला. क्लासात डॉस शिकवत, म्हणजे कंप्युटर ज्याच्यावर चालतो तो प्रोग्राम. डीआयआर असं टाइप केलं की फ्लॉपीवर काय काय आहे ते पडद्यावर झरझर उतरायचं. मला फार आवडायचं ते.

परत आले तर संचालकांत भांडण. पुण्याचा विक्रेता म्हणे डॉस घ्या, मुंबईचा म्हणे युनिक्स. अर्धे संचालक याच्या बाजूने, अर्धे त्याच्या, आणि दोन्हींतलं ओ की ठो कुणालाच कळत नव्हतं. शेवटी मला बोलावलं.

मी खरं ते सांगितलं. डॉस म्हणजे एका तोंडाची चूल, एका वेळी एकच भांडं. पण सोपी, बिघडली तर माझ्यासारखीही पेटवील. युनिक्स म्हणजे वैलाची चूल, एकाच जाळावर दोन-तीन भांडी. यंत्र एकच, पण तिन्ही काउंटरवरची माणसं एकदम त्यावर काम करणार. मात्र ती सांभाळायला जाणकार हवा, आणि मी शिकलेय डॉस.

"म्हणजे तू डॉसच म्हणणार," एक संचालक हसले. "आपल्या पोळीवर तूप ओढायचं!"

माझं डोकंच फिरलं. अहो, पोळी कुठली, इथे पेजेची मारामार! पण रोजंदारीवरच्या बाईने संचालकाला काय बोलायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

"भांडू नका," चेअरमन म्हणाले. "देवाला कौल लावू."

आमच्याकडे विहीर खणायची असो की सोयरीक जुळवायची, कौल लागतो. गुरव फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या करून मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. जी आधी पडेल तो देवाचा शब्द. पण कंप्युटरसाठी कौल लावलेला मी तरी तेव्हाच पहिल्यांदा बघितला.

"उजवा कुणाचा?" ग्रामदेवतेसमोर गुरवाने विचारलं.

"उजवा डॉसला द्या," चेअरमन माझ्याकडे बघत म्हणाले. "घरची पोर शिकून आलीय." तेवढ्यानेही मला भरून आलं.

"बा देवा महाराजा, तुझ्या लेकरांनी कंप्युटर घ्यायचं मनात आणलंय. डॉस बरा असेल तर उजवा दे, युनिक्स बरा असेल तर डावा दे, रे महाराजा!" गुरवाने गाऱ्हाणं घातलं, आणि मागून सगळे म्हणाले,

"व्हय महाराजा!"

मी पाकळ्यांवरची नजर हलवली नाही. उजवी जराशी सरकली, असं मला अजून वाटतं. पडली डावी.

"व्हय महाराजा!" सगळे ओरडले, आणि सवयीने माझ्याही तोंडून तेच गेलं. मेल्या जिभेला तेवढीही लाज वाटली नाही!

युनिक्स आला. तो सांभाळायला मुंबईहून माणूस आला आणि कायमची जागा त्याला मिळाली. "माझ्या हातात काय होतं, बाय?" चेअरमन म्हणाले. "देवानेच दिलं." आता कुणाशी भांडणार? मला तिसऱ्या काउंटरवर बसवलं. पहिल्याच दिवशी हातांनी आपोआप डीआयआर टाइप केलं. पडद्यावर आलं, नॉट फाउंड. "ताई, इथे एलएस म्हणायचं," नव्या माणसाने वाकून सांगितलं. वाईट नव्हता बिचारा. हळूहळू मी तेही सगळं शिकले, पण जागा भरलेली होती.

मे महिन्यात मंडणगडला गेले. लेकीने आपले फ्रॉक पिशवीत भरून ठेवले होते. "नेतेस ना गो हिला?" आईने विचारलं. मी कौलाचं सगळं सांगितलं. आई देवाला काय बोलणार? "त्याची इच्छा," म्हणून उठली, आणि पोरीचं नाव तिथल्याच शाळेत घालायचं ठरलं.

लेक दारात उभी राहून ऐकत होती. पिशवी पोटाशी धरून म्हणाली, "आई, मी इथं आहे ते देवाला कुणी सांगितलं नाय काय?"