चाकांवरची खोली

बल्लारपूरच्या स्टेशनासमोर गोंडपिपरी-आष्टीकडे सवाऱ्या नेणाऱ्या जीपा लागत. त्यातली एक माझी होती. वर्षभर मी त्या रस्त्यावर असायचो. फक्त दिवाळीनंतरचे चार दिवस जीप सवाऱ्यांना बंद. त्या चार दिवसांत मी, बायको आणि मुलगी प्राणहितेच्या काठी जाऊन राहायचो. अहेरीच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या वावराला लागून वाळूचा पट्टा होता. जीपच्या टपाला ताडपत्रीचं एक टोक बांधायचं, दुसरं बांबूंना. खाली धानाचं वाळलेलं तणस, त्यावर सतरंजी. तीन दगड मांडले की चूल झाली.

ओळखीचे लोक म्हणायचे, "घर सोडून जंगलात झोपाले काऊन जाता, भाऊ?" मला नीट सांगता यायचं नाही. मुलीला कुणी विचारलं तर ती सांगायची, "तिथी बाबा दिवसभर घरी असते."

दहा वर्षांची झाली तेव्हा ती चालता चालता पडायला लागली. आधी आम्हाला वाटलं, चपला मोठ्या आहेत. मग शाळेच्या पायऱ्या चढेना. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला एकट्याला आत बोलावलं. स्नायूंचा आजार आहे, म्हणाले. आधी पाय जातील, मग हात, मग श्वास घेणं जड होईल. औषध नाही. मी बाहेर आलो तर बायको दाराला लागूनच उभी होती. 

त्या वर्षी आम्ही नदीवर गेलो. सकाळी मुलीला खालून उठताच येईना. अंग आखडलं होतं, तणसाखालची ओल पाठीत भरली होती. आम्ही दोघांनी उचलून तिला जीपच्या सीटवर बसवलं. बराच वेळ ती नदीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी तुमी दोघं या. मी मावशीकडे राहीन."

ते मला सहन झालं नाही.

पुढे उन्हाळ्यात कोळशाच्या सर्व्हेवाल्यांनी माझी जीप भाड्याने घेतली. त्यांच्या कॅम्पात साहेबांना राहायला एक ट्रेलर होता, जीपमागे जोडून नेता येणारी खोलीच. आत कमरेएवढ्या उंचीवर पलंग, त्याला लागून जाळीची खिडकी, कोपऱ्यात हात धुवायचं भांडं. पलंगावर पडल्या पडल्या बाहेरचं सगळं दिसत होतं. मी दारात उभा राहून ते पाहिलं आणि घरी येऊन बायकोला सांगितलं की आपण असा ट्रेलर घ्यायचा.

"घ्या," ती म्हणाली. "पण लवकर घ्या."

आमच्या भागात असली वस्तू दुकानात मिळत नव्हती. कुणी टाकलेली, कुणी विकायला काढलेली, अशी शोधावी लागायची. चंद्रपूरला एक वेल्डर चाचा होते, माझ्या जीपचं काम तेच करायचे. त्यांना सोबत घेतलं. पहिला ट्रेलर त्यांनीच शोधला. चंद्रपूरच्या बाहेर भंगारवाल्याच्या आवारात, बेशरमाच्या झुडपांत उभा होता. कुठल्याशा जुन्या कॅम्पाचा असावा. मुलगी हट्टाने सोबत आली होती. तेव्हा ती भिंत धरून दहा-बारा पावलं चालायची.

चाचा खाली शिरले, चेसिसवर हातोडीने ठोकून पाहिलं. बाहेर येऊन म्हणाले, "चेसिस मजबूत हाय भाऊ. खालची प्लाय सडेल हाय, ते मी बदलून देतो." मी टपावर चार बादल्या पाणी ओतलं आणि आत जाऊन बसलो. दोन ठिकाणी थेंब पडले. मग दार लावून पाहिलं. खालच्या बाजूला बोटभर फट राहत होती.

मुलीला आम्ही पलंगावर निजवलं होतं. खिडकीची काच फुटलेली होती, तिथून बाभळीची फांदी आत आली होती. ती म्हणाली, "बाबा, हाच घ्या."

"गळून राह्यला तो," मी म्हणालो.

"दिवाळीनंतर कुठी पाऊस रायते?"

चाचा हसले. मी हसलो नाही. मला वाटत होतं, तिच्यासाठी घ्यायचा तर चांगलाच घ्यायचा. फटीतून विंचू आला तर? वाटेत स्प्रिंगचा पाटा तुटला तर? मी भंगारवाल्याला नंतर कळवतो म्हणून सांगितलं आणि परत गेलोच नाही.

दुसरा नागपूरला पाहिला. ट्रकांच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात तो कुणासाठी तरी बनवला होता आणि ते गिऱ्हाईक आलं नव्हतं. आतून देखणा होता. कपाटं, गुळगुळीत पत्रे, पडदेसुद्धा. चाचांनी भिंतीवर बोटाने टिचकी मारली आणि मान हलवली. आष्टीच्या पुढच्या रस्त्यावर याचे सगळे रिव्हेट निघतील, म्हणाले. ते खरंच होतं. मी नाही म्हटलं.

तिसरा धानोऱ्याला. रस्त्याच्या कंत्राटदाराचा, जाड पत्र्याचा, कशाने हलणार नाही असा. जीपला जोडून चढावर ओढून पाहिला तर क्लच जळाल्याचा वास यायला लागला. तोही सोडला.

मध्ये दिवाळी येऊन गेली. त्या वर्षी आम्ही कुठे गेलो नाही. मी मुलीला म्हणालो, पुढच्या दिवाळीला आपल्या स्वतःच्या खोलीत झोपशील. तोवर ती चालायची थांबली होती. मी वहीत मापं लिहायचो. पलंगाची उंची, दाराची रुंदी, ॲक्सलची जाडी, स्प्रिंगला किती पाटे. सवाऱ्या भरत असतानाही माझ्या डोक्यात तेच असायचं. वही हातात असली की मला बरं वाटायचं. आता वाटतं, डॉक्टरांनी सांगितलेलं ऐकू येऊ नये म्हणून मी ती आकडेमोड करत होतो. तेव्हा मला तसं कळलं नाही. मी बाप म्हणून जे करायला पाहिजे ते करतोय, एवढंच वाटायचं.

एका दुपारी बायको मुलीला भरवत होती. मुलीचा हात तोंडापर्यंत जाणं बंद झालं होतं. मी तिथेच बसून पुढच्या ट्रेलरबद्दल बोलत होतो. बायकोने ताट खाली ठेवलं.

"अजून किती पाहून राह्यले तुमी? पोरगी हातातून जाऊन राह्यली. तुमाले दिसत नाई का?"

मुलगी समोरच होती. ती म्हणाली, "आई, पाहू दे त्याईले."

शेवटी पावसाळ्याआधी मनासारखा ट्रेलर मिळाला. नागपूरच्याच एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तो स्वतःच्या कुटुंबासाठी बांधून घेतला होता आणि आता पोरं दूर गेल्यामुळे पडून होता. चाचा अर्धा तास त्याच्याखाली होते. मी टपावर पाणी ओतलं, एक थेंब आला नाही. जॅक लावून एक चाक उचललं तरी दार सहज लागलं. जीपमागे दहा-बारा किलोमीटर ओढून चाकांच्या मधोमध हात लावून पाहिला, बेअरिंग गरम झाले नव्हते. चाचा म्हणाले, "याच्यात खोट काढता येत नाई."

दिवाळीची वाट पाहायची नाही, असं आम्ही ठरवलं. पण तिला ताप आला, मग खोकला, मग पुन्हा ताप. अख्खा पावसाळा ट्रेलर घरासमोर उभा होता. दसऱ्यानंतर एक दिवस तिला जरा बरं वाटलं तेव्हा निघालो. बायको तिच्याजवळ ट्रेलरमध्ये बसली. खरं तर चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवू नयेत, पण मुलीला आता जीपच्या सीटवर बसता येत नव्हतं. मान सावरत नव्हती. मी दुसऱ्या गिअरमध्येच चालवत होतो.

गोंडपिपरी गाठेपर्यंत दोनदा थांबावं लागलं. गादी चांगली होती, स्प्रिंगही चांगल्या होत्या, पण प्रत्येक हादऱ्याला तिला धाप लागत होती. आष्टीच्या अलीकडे, वैनगंगेचा पूल दिसायला लागला तेव्हा बायकोने आतून पत्र्यावर हात मारला. मी गाडी बाजूला घेतली. मुलीचे ओठ निळसर झाले होते. आम्ही तिला उशांवर टेकवून बसवलं, दार-खिडक्या उघडल्या. तास-दीड तास तिथेच थांबलो. बायकोने स्टोव्हवर चहा केला. खिडकीतून पुलावरच्या बसेस आणि थोडं पाणी दिसत होतं.

"हेच प्राणहिता का?" तिने विचारलं. ही प्राणहिता नाही, हे तिला माहीत होतं.

"नाई बेटा. तिथी अजून जायचं हाय."

"राहू द्या," ती म्हणाली. थोडा श्वास घेऊन पुढे म्हणाली, "चांगला हाय हा. पण तो पहिला घेतला असता तरी चाललं असतं, बाबा."

तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. ती मला समजावत होती.  बायकोने कप विसळून ठेवले. आम्ही गाडी वळवली.

त्या थंडीत ती गेली. घरीच, सकाळी, बायको तिचे केस विंचरत होती तेव्हा.

ट्रेलर मी वर्षभर ठेवला. चाचा एकदा येऊन म्हणाले, उभ्या उभ्या टायर खराब होतील, देऊन टाका. सर्व्हेवाल्यांनाच दिला. पुढे दोन-तीनदा आलापल्लीच्या बाजूला मला तो दिसला, दारावर लुंग्या वाळत घातलेल्या. तिथला एक जण मला म्हणाला, "लई चांगला माल हाय भाऊ, चार पावसाळे झाले, गळला नाई." मी मान हलवली आणि निघालो.

नंतर जीपही विकली. बायको आणि मी त्या विषयावर कधी भांडलो नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं.

एकदाच, बऱ्याच वर्षांनी, ती म्हणाली, नदीवर जाऊन येऊ. एस.टी.ने गेलो. तो शेतकरी वारला होता, वावर मुलगा कसत होता, त्याने ओळखलं नाही. वाळूचा पट्टा पुरात पुष्कळ कमी झालेला. आम्ही काठावर बसून डबा खाल्ला. ऊन होतं.  थोड्या वेळाने तिने डबा धुऊन पिशवीत ठेवला आणि विचारलं, "परतीची गाडी केव्हा हाय?"

अजून दोन तास होते. आम्ही फाट्यावर जाऊन थांबलो.