शुक्रवारी कोण आलं होतं?

"कोणी हात लावला होता?" मी विचारलं. मशीन बंद पडलं की आम्हा रिपेअरवाल्यांचा पहिला प्रश्न हाच असतो.

शेवगावजवळच्या एका जिनिंगचं ऑफिस. सकाळपासून मेलचा प्रोग्राम उघडत नव्हता. डबल क्लिक केलं की नाव झळकायचं, गोल चक्र फिरायचं आणि सगळं गायब. सूतगिरणीची ऑर्डर मेलवर यायची होती. कापसाच्या गाठी भरून दोन ट्रक आवारात उभे होते.

"काल लाईट जाईस्तवर मॅडमच बसल्या हुत्या," शेठ म्हणाले.

मॅडम म्हणजे शबनम शेख. सहा वर्षं तिथल्या ऑपरेटर. "मी फक्त मेल पाठवले, सर. दुसरं काही केलं नाही," त्या म्हणाल्या.

मी नुसतं "हं" म्हणालो. हा "हं" फार वाईट. ऐकणारा त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावतो. शेठनी लावला. चौघांदेखत मॅडमना बोलायला लागले. कळत न्हाई तर बटणं दाबायची कशाला, इथून सुरुवात झाली आणि उद्यापासून वजनकाट्यावर बसा, कॉम्प्युटर दुसरं कुणी बघंल, इथपर्यंत गाडी गेली. ऑफिसातली बाई काट्यावर बसवली की आख्ख्या गावाला कळतं. शबनममॅडम खाली मान घालून उभ्या राहिल्या. मला वाईट वाटलं, पण खरं सांगतो, जरा बरंही वाटलं. गुन्हेगार सापडला की आमच्यामागची घाई कमी होते.

मशीन रीस्टार्ट केलं. उपयोग नाही. प्रोफाइल, म्हणजे कोणाचा मेल कुठून आणायचा याची नोंद, नव्यानं तयार केली. तरी तेच. शेवटी कंट्रोलचं बटण दाबून धरलं आणि क्लिक केलं. याला सेफ मोड म्हणतात. ट्रॅक्टर जागचा हलत नसेल तर मागचं औजार सोडून बघतात ना, तसंच. मेलला बाहेरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअरं, म्हणजे ॲड-इन, यात चालू होत नाहीत.

प्रोग्राम उघडला. ऑर्डरही आलेली होती. शेठ प्रिंट घेऊन ट्रककडे पळाले.

म्हणजे दोष औजारात होता. मी ॲड-इनची यादी उघडली. त्यात पीडीएफचं एक फुकटचं सॉफ्टवेअर, समोर टाकल्याची तारीख. गेला शुक्रवार.

ते मीच टाकलं होतं. माझ्याच पेनड्राइव्हमधून. न वाचता नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. मधे कुठंतरी "मेललाही जोडू का" असं विचारलं असणार आणि मी हो म्हणून मोकळा. त्यानंतर मेल कोणी बंदच केला नव्हता, म्हणून बिंग फुटलं नाही. काल लाईट गेली, यूपीएसनं मान टाकली आणि आज मेल पहिल्यांदाच नव्यानं चालू होत होता.

शबनममॅडम शेजारीच होत्या. त्यांनी ती तारीख वाचली. मग टेबलावरचं व्हिजिट रजिस्टर उघडलं. शुक्रवारच्या ओळीत माझी सही होती.

मी ते ॲड-इन काढून टाकलं. तेवढ्यात शेठ आले, काय झालं हुतं म्हणाले.

"सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम होता," मी म्हणालो. "होतं असं कधीकधी."

शबनममॅडमनी माझ्याकडे एकदा बघितलं. आता तरी मी पुढचं बोलेन म्हणून थोडं थांबल्या. मी बॅगेची चेन लावली. त्यांनी रजिस्टर पुढं सरकवलं, मी सही केली आणि निघालो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी माझे पाय थांबले नाहीत.

दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी शेठना फोन केला आणि सगळं सांगितलं. ते हसले.

"आसू द्या हो. तुमी काय मुद्दाम केलं का? मॅडम हायेत की खुर्चीवर. काट्याचं मी रागात बोल्लो हुतो."

मला एका हसण्यात माफी मिळाली. मॅडमना मात्र चौघांदेखत बोलणी बसली होती, आणि ती परत घ्यायला त्या चौघांना कोणी बोलावलं नाही. मीही नाही.

आजही तिथलं काही बिघडलं की शबनममॅडमच फोन करतात. काय बिघडलंय ते नंतर सांगतात. पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सर, मी कशालाच हात लावलेला नाही."

मी आता तो प्रश्न कुणालाच विचारत नाही. आधी रजिस्टर मागतो आणि माझी शेवटची सही कधीची आहे ते बघतो.