प्रार्थनेसाठी फिरवलेला फोटो

फोन सगळ्यात शेवटी माझ्या हातात आला.

चर्चमध्ये बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावरून तो निघाला होता. एकीनं बघायचं, डोळे मिटायचे, "प्रभू, दया कर" असं पुटपुटायचं आणि शेजारणीकडं सरकवायचा. माझं बाक भिंतीजवळचं. माझ्या शेजारणीनं फोन पुढं केला आणि हात मागं घेतला. मग दिलाच. तिलाही मध्येच थांबवणं जमलं नाही.

फोटोत माझी मुलगी होती. एस्तेर. दहावीला आहे. गुडघ्याच्या वर जाणारा लाल स्कर्ट, एक हात कमरेवर, तोंडभर हसू. खाली लिहिलेलं, "आमची कामवाली, फुल हिरोईन."

मान वर केली तर एस्तेर समोर, पेटीशेजारी गायनमंडळात उभी. फोन कोणत्या बाकावर पोचलाय ते ती बघत होती. तिचे ओठ गाण्याबरोबर हलत होते, आवाज नव्हता.

गाणं संपलं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सूचना झाल्या की प्रार्थना विनंत्या सांगायची रीत आहे. कुणी आजारी, कुणाची परीक्षा, कुणाचं बाळंतपण. पहिल्या बाकावरून महिला मंडळाच्या अध्यक्षा उठल्या. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणतो. निवृत्त मुख्याध्यापिका, मिस्टर मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक, दाराशी त्यांची गाडी उभी. त्या म्हणाल्या, "आपल्यातल्या एका मुलीसाठी प्रार्थना करूया. सोशल मीडियाच्या मोहात ती घसरत चालली आहे. मी नाव घेत नाही."

नाव घेत नाही म्हणे. सगळं चर्च माझ्याकडं बघत होतं.

मी मॅडमच्या घरी स्वयंपाक करते. सकाळ-संध्याकाळ. लग्न होऊन जळकोटहून धाराशिवला आले तेव्हापासून करते. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. त्या घरातला डबा न् डबा मला माहीत आहे, घरातली माणसंही माहीत आहेत. म्हणून त्या फोटोत बाकीच्यांना जे दिसलं नाही ते मला दिसलं. फोटो कापलेला होता. डाव्या कडेला एक कोपर उरलं होतं. गोरं, त्यावर तीळ. ते कोपर मॅडमच्या नातीचं, शेरॉनचं. लहानपणी तिला तेल लावून मीच न्हाऊ घातलंय. ती ओळख मला कोण विसरायला लावणार?

झालं होतं ते असं. शेरॉन पुण्याला शिकते, मे महिन्यात आजीकडं आली होती. मला म्हणाली, "मावशी, एस्तेरला आणा ना, मी बोअर झालेय." मी नेलं. दोघी एकाच वयाच्या. शेरॉननं आपला एक स्कर्ट तिला दिला, एक स्वतः घातला, आणि गच्चीवर दोघींनी एका हिंदी गाण्यावर नाच केला. फोन शेरॉनचा, खातं शेरॉनचं. मी खाली भाकरी थापत होते. एस्तेर नाचतच खाली आली, "मम्मी, माझा पहिला रील!" मीपण बघितला. चांगली दिसत होती माझी पोर. खोटं कशाला बोलू.

ती कामवालीची ओळ शेरॉननं नंतर रीलखाली टाकली. चर्चमध्ये फिरला तो फोटो त्याच रीलमधून काढलेला. माझी मुलगी कामवाली नाही. त्या दिवशी मला मदत म्हणून तिनं चार ताटं पुसली होती एवढंच. पण ओळ पडली आणि खाली लोक जमले. कोण कुठले. "हिला भांडी घासायला पाठवा." "लाईट लावा, दिसत नाय ही." हसणारी पिवळी तोंडं, एकाखाली एक. शेरॉनबद्दल लिहिलेलं सगळं गोड.

आमच्या घरात एकच फोन, माझा. शाळेचा अभ्यास ग्रुपवर येतो म्हणून घ्यावा लागला. एस्तेर त्यावर अभ्यास उघडायची आणि तिथनं त्या रीलकडं जायची. मी हाक मारली की पटकन बोट फिरवायची. पुन्हा पुन्हा तेच वाचायची. वाईट लिहिलेलं माणूस इतकं परत परत का वाचतं, मला कळत नाही. अर्धी भाकरी ताटात राहायला लागली. बेसन आणि दही तोंडाला लावून बसायला लागली. शाळेच्या वाटेवर मुलं "हिरोईन" म्हणून ओरडायची, मग ती लांबच्या गल्लीनं जायला लागली.

आमच्याकडं दिवेलागणीला घरची प्रार्थना असते. एकदा प्रार्थना झाल्यावर तिनं विचारलं, "मम्मी, मी लई काळी हाय का?"

मी म्हटलं, "देवानं तुला आपल्या रूपात घडवलंय, बाळा."

ती म्हणाली, "मग देवाला लाइक किती पडत्याल?"

ती हसली नाही. मी उठून भात बघायला गेले. लहानपणापासून मी तिला हेच शिकवलं होतं आणि ते एका फोनपुढं इतकं लुळं पडेल असं वाटलं नव्हतं. महिला मंडळात भाषणं होतात, आयांनी मुलींच्या फोनवर लक्ष ठेवावं म्हणून. भाषण मॅडमच करतात. मी लक्ष कधी ठेवायचं? त्यांच्या घरी पोळ्या लाटताना? या सगळ्याचा मला थकवा आलाय. शरीराचा थकवा झोपलं की जातो. हा जात नाही.

त्या रविवारनंतर सोमवारी मी कामावर गेले. दुसरं काय करणार होते? मॅडम स्वयंपाकघरात आल्या, खुर्ची ओढून बसल्या.

"तुला राग आला असेल. पण मी आई म्हणून केलं," त्या म्हणाल्या.

"फोटो कापला कोणी, मॅडम?"

"शेरॉनचा इथं प्रश्न नाही. तिचं वातावरण वेगळं आहे, ती डान्स शिकते. तिचं ते टॅलेंट आहे. तुझ्या मुलीला ते झेपणार नाही, ती वाहवत जाईल. येत्या रविवारी तिला मंडळीपुढं उभी कर. माफी मागू दे. मग मी शेरॉनला सांगते तो रील काढायला."

कुकरची शिट्टी झाली तशी मी गॅस बारीक केला.

मंडळीपुढं उभं करणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. कुणाच्या हातून चूक झाली असं पंचांना वाटलं की त्याला प्रभुभोजन बंद करतात. भाकरी आणि द्राक्षरसाचा प्याला त्याच्यापर्यंत येत नाही. मग एका रविवारी त्यानं पुढं जायचं, सगळ्यांकडं तोंड करून उभं राहायचं, खाली मान घालून माफी मागायची. त्यानंतर पाळक डोक्यावर हात ठेवतात. माझ्या आईला जळकोटच्या चर्चमध्ये असं उभं केलेलं मी बघितलंय. मी तेव्हा तिच्या पदराला धरून होते. आई ज्यांच्या शेतात खुरपायला जायची त्यांच्या घरच्या पूजेचा प्रसाद तिनं खाल्ला, हा तिचा गुन्हा. दिवसभर उन्हात राबलेल्या बाईच्या हातावर कुणी शिरा ठेवला, तिनं खाल्ला. त्याच घरच्या लग्नात आमचे पंच पंगतीला बसले होते. ते कुणापुढं उभे राहिले नाहीत. मी आजवर जेवढी माणसं मंडळीपुढं उभी राहिलेली बघितली, त्यात गाडीतून चर्चला येणारं एकही नव्हतं. हे मला इतकी वर्षं दिसत होतं, पण त्या सोमवारी कुकरपुढं पहिल्यांदा उमगलं.

घरी येऊन एस्तेरला सांगितलं. मला वाटलं, ती रडेल, भांडेल. ती लगेच म्हणाली, "मी राहते उभी."

"तुझी काय चूक हाय?"

"न्हाय. पण रील निघंल ना? मम्मी, राहू दे मला उभं. दोन मिन्टाचं तर काम हाय. मला ते निघायला पायजे."

आठवडाभर ती त्या एकाच आशेवर होती. ताटातली पूर्ण भाकरी खाल्ली. शनिवारी स्वतःहून केस धुतले. माफीची वाक्यं पाठ करत होती, शाळेतली कविता पाठ करावी तशी. "मी मोहात पडले. मी मंडळीची आणि देवाची क्षमा मागते." मी भांडी घासत ऐकत होते. वाटायचं, होऊन जाऊ दे. पोरीचा जीव सुटेल. आणि लगेच वाटायचं, एकदा ती हे मोठ्यानं बोलली की तिला ते खरं वाटायला लागेल. माझ्या आईला वाटलं होतं. मरेपर्यंत ती प्रभुभोजनाला हात पुढं करताना कचरायची.

रविवार आला. पाळकसाहेब तरुण आहेत, नवीन बदलून आलेत, पंचांपुढं त्यांचं चालत नाही. त्यांनी कागदाकडं बघत नाव घेतलं. एस्तेर उठली. गायनमंडळातून दोन पावलं पुढं आली, सगळ्यांकडं तोंड केलं आणि मान खाली घातली. कुणी सांगितलं नव्हतं तिला मान खाली घालायला. तिला आपोआप माहीत होतं.

ती खाली गेलेली मान बघितली आणि मी उठले. चपला बाहेर होत्या. फरशी गार लागली, तेवढं आठवतं. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"पाळकसाहेब, ही माफी मागणार न्हाय."

"ताई, बसा. ही प्रार्थनेची जागा आहे."

"म्हणूनच हितं बोलते. तुमी सगळ्यांनी बघितलेला फोटो कापलेला हाय. त्यात दोघी होत्या. दुसरी मॅडमची नात. स्कर्ट तिचा, फोन तिचा, आन् कामवाली बी तिनंच लिवलं. पाप असंल तर दोघींचं हाय. एकीला कापून काढायचं आन् एकीला उभं करायचं, ह्याला माझ्या घरात प्रार्थना म्हणत न्हायत."

कुणीतरी खोकलं. मॅडम बसल्या जागी म्हणाल्या, "हिला बाहेर न्या." कुणी उठलं नाही. कुणी माझ्या बाजूनंही बोललं नाही. मी एस्तेरचा हात धरला. तिनं तो ओढून घेतला.

बाहेर आल्यावर ती चर्चच्या फाटकाला धरून रडली. "तुला काय पडलंय मम्मी? आता ते कधीच निघायचं न्हाय! तुला तुझं बोलायचं होतं, बोललीस!"

ती म्हणत होती ते सगळंच चूक नव्हतं. मला बोलायचं होतं. आईच्या वेळेपासूनचं बोलायचं होतं.

माझं काम सुटलं. मॅडमनी निरोप पाठवला, येऊ नको. महिला मंडळाच्या ग्रुपमधून मला काढलं. प्रभुभोजन आता माझंच बंद आहे. आणि रील तसाच आहे. एस्तेर माझ्याशी कामापुरतं बोलते. फोन मी काढून घेतलेला नाही. फक्त तो आता माझ्या शेजारी बसून उघडायचा. कुणी काय लिहिलंय ते तिच्या एकटीच्या डोळ्यांनी वाचायचं नाही, दोघींनी वाचायचं. पहिल्या दिवशी मी तिच्या खांद्याला खांदा लावून सगळं वाचलं, खालपर्यंत. वाचताना मी मध्येच फोन पालथा ठेवला आणि परत उचलला. ते तिनं बघितलं. माझी पोर हे एकटी वाचत होती, मे महिन्यापासून.

काल पाळकसाहेब घरी आले. चहा घेतला नाही. त्या रीलची आणि खाली लिहिलेल्याची तक्रार द्यायला मी पोलीस ठाण्यात जाणार असं त्यांच्या कानावर गेलं होतं. म्हणाले, "ताई, विश्वासणाऱ्यांचं भांडण मंडळीबाहेर नेऊ नये."

मी म्हटलं, "बाहेर आम्ही न्हाय नेलं, पाळकसाहेब. ते सगळ्या जगानं आधीच बघितलंय. आता तक्रार तेवढी ऱ्हायली."

ते गेल्यावर एस्तेर आतून आली. दाराला टेकून उभी राहिली. मग विचारलं, "ठाण्यात बी विचारत्याल ना, तसला स्कर्ट का घातला म्हणून?"

"विचारत्याल."

"मग?"

"मग सांगायचं, आवडला म्हणून घातला."

तिनं आत जाऊन शाळेचा गणवेश बाजूला ठेवला आणि उद्या ठाण्यात जायला साधा ड्रेस बाहेर काढला.

उद्या आम्ही जाणार आहोत. ठाण्यातला साहेब हाकलून देईल, दुसऱ्या दिवशी परत जाऊ. मॅडमच्या मिस्टरांची ओळख तिथंही असेल, असू दे. कोर्टकचेरी करावी लागली तर करीन, भाकऱ्या थापून पोट भरायला धाराशिवात घरं कमी नाहीत. रविवारी चर्चलाही जाणार. देव त्यांच्या एकट्यांचा नाही. भाकरी आणि प्याला माझ्यापुढून तसेच पुढं नेतील, मी बघत बसेन. पण माझी पोर पुन्हा कुणापुढं मान खाली घालून उभी राहणार नाही. माफी आता आम्ही मागणार नाही. ती त्यांच्याकडून आम्ही घेणार आहोत.