राहूचा गूळ आणि मंगलच्या अक्षरातलं लेबल

आमच्या दुकानाचा एक नियम आहे. गिऱ्हाइकाने मालाबद्दल तक्रार केली की त्याला उत्तर लिहीत बसायचं नाही, गाडीत बसवायचं. माल जिथून आला तिथे न्यायचं, दाखवायचं, मग त्याला काय बोलायचं ते बोलू द्यायचं. नियम माझ्या बायकोने, मंगलने, घातला. शिरूरमधलं हे सेंद्रिय मालाचं दुकान सभासदांच्या मालकीचं आहे. शेतकरी आणि गिऱ्हाईक दोघांचे शेअर आहेत, पण चालवायची ती. आणि अशा फेरीनंतर या ब्लॉगवर लिहायचीही तीच. दिवाळीच्या आधी ती गेली, म्हणून या वेळचं मी लिहितोय. मला सजवून लिहिता येत नाही. शिवाय मी अजून रागात आहे.

तक्रार सणसवाडीच्या पवारांची. ते तिथल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहेत, दिवसभर माल रिजेक्ट करणं हेच काम. त्यांनी दुकानाच्या ग्रुपवर लिहिलं, "गूळ खारट आहे, चहा नासतो. वहिनी असताना असं नव्हतं." पहिलं वाक्य मी पचवलं असतं. दुसरं वाचून फोन पालथा ठेवला. बाकी गिऱ्हाइकांना यंदाचा गूळ आवडला होता. छान पिवळा आहे म्हणून संक्रांतीसाठी दोन-दोन पाकिटं नेत होते. मी स्वतः नवं पाकीट फोडलं नव्हतं. घरी मंगलने भरून ठेवलेला मागच्या वर्षीचा डबा अजून आहे.

पवारांना मी एवढंच कळवलं की रविवारी सकाळी दुकानासमोर या.

ते आले, फोडलेलं पाकीट पुराव्यासारखं हातात धरून.

कुणाला या बाजूला यायचं असेल तर शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याचा रस्ता धरा. स्वतःची गाडी असेल तर उत्तम, कारण आमचा गूळ जिथून येतो त्या राहू गावाला एसटीने जायचं म्हणजे दोनदा बदलावी लागते. हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात. एकीलाही मागे लाल दिवा नाही, आणि आत टेपवर गाणी एवढी मोठ्याने की हॉर्न ऐकू जात नाही. अंधारात हा रस्ता करू नका.

पवार बोलायचा प्रयत्न करत होते.

"सर, रागावलात का?"

"नाही."

"नाही, तसं वाटलं."

न्हावऱ्याला मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागितली तरी ते आपल्या मनाने ओततात, पोटाचा त्रास असेल त्यांनी पोहे घ्यावेत. पवारांनी पैसे द्यायला हात खिशात घातला तोवर मी देऊन मोकळा झालो होतो. त्यांची मिसळसुद्धा मला नको होती.

पारगावला भीमेचा पूल ओलांडला की दौंड तालुका. पाण्यावर जलपर्णी, काठाला शहरातून वाहून आलेली घाण. पुलावर फोटो काढायला थांबणार असाल तर नाकाला रुमाल लावून थांबा. पुढे राहूपर्यंत दोन्ही बाजूंनी ऊस, आणि गाव जवळ आलं की गुऱ्हाळांच्या चुलवाणांचा धूर लांबूनच दिसतो.

दुकानाला गूळ देणाऱ्या हुसेनमामांचं गुऱ्हाळ त्यांच्या आजोबांपासूनचं. काहिलीत रस उकळत होता, मामांचा मुलगा सलीम वर आलेली मळी काढून टाकत होता. गूळ पिवळा दिसावा म्हणून सोडा नाही, पावडर नाही, रानभेंडीच्या काड्या ठेचून रसात फिरवतात. त्याने मळी वर येते आणि रंग तपकिरी राहतो. बघायला पैसे घेत नाहीत. रस आग्रहाने पाजतात, म्हणून सकाळी थोडी भूक ठेवूनच जा.

मामांनी मला पाहिलं आणि हातातलं सोडून आले. माझा हात दोन्ही हातांत धरून तसेच उभे राहिले.

मी पवारांकडे बोट दाखवलं. यांना आपला गूळ खारट लागतो, जरा समजावून सांगा, म्हणालो. मला तेव्हा पवारांची जिरवायची होती. पवारांनी पाकीट पुढे केलं. मामांनी एक खडा जिभेवर ठेवला आणि लगेच थुंकला.

"ह्यो आमचा न्हाई."

"मामा, लेबल बघा."

"लेबल आमच्याच गुळाचं हाय. गूळ न्हाई. यंदा तुमच्या दुकानाला आमी एक ढेप दिलेली न्हाई."

मग त्यांनी आतल्या खोलीत नेलं. दुकानाच्या ढेपा फडक्यात बांधून फळ्यांवर ओळीने ठेवल्या होत्या. मंगलचा इथेही एक नियम होता. दुकानाच्या माणसाने येऊन पहिल्या काहिलीचा गूळ चाखायचा, चालेल म्हणायचं, त्याशिवाय माल हलवायचा नाही. यंदा कुणी आलं नाही, म्हणून माल हलला नाही. व्यापारी दोनदा येऊन गेला, त्याला दिला नाही. फोन का नाही केला, असं मी विचारलं.

"दुखवट्याच्या घरात गुळासाठी फोन करत्यात व्हय, दादा? म्हटलं, तुमचं मन झालं की याल."

मी बाहेर येऊन आप्पांना फोन लावला. आप्पा म्हणजे आमचे चेअरमन, कवठे येमाईचे मोठे बागायतदार. मंगल गेल्यावर तेच म्हणाले होते, तू घरी बस, गुळाचं मी बघतो.

"आरं, तुझ्या घरात दुःख," आप्पा म्हणाले, "त्यात राहूला कोण जाणार? दौंडच्या बाजारातनं उचलला. गूळ तो गूळ."

"आणि लेबल?"

"वहिनींनी छापून ठेवलेली व्हती की गठ्ठाभर. वाया कशाला घालवायची?"

"आप्पा, ते तिचं अक्षर आहे."

"मग? चांगलंच हाय की अक्षर."

मी फोन बंद केला. ज्यांनी दुकानातून गूळ नेलाय त्यांना ते लेबल माहीत आहे. मंगलने हाताने लिहून त्याच्या प्रती छापून घेतल्या होत्या. "हुसेनमामांच्या गुऱ्हाळातला. मी स्वतः चाखलेला. मंगल." संक्रांत चार दिवसांवर होती आणि जी माझ्यासमोर गेली ती बाई शिरूरच्या निम्म्या घरांत बाजारातल्या गुळाची साक्ष देत होती.

मागून पवार म्हणाले, "सर, मी ते वहिनींचं लिहायला नको होतं."

"खरं लिहिलंत," मी म्हणालो. पण ते मला अजूनही आवडलेलं नाही, हेही सांगितलं.

मामांनी उसाच्या कांडक्यावर ताजा गूळ घेऊन माझ्यासमोर धरला. पवारांनीही हात पुढे केला तर मामा म्हणाले, "तुमी मागनं. आदी दुकानाच्या मानसानं." जीभ भाजली. थोडा धुरकट, शेवटी किंचित आंबूस, माझ्या घरच्या डब्यातला आहे तसाच. मामा थांबून राहिले, आणि सलीमही मळीचा झारा तसाच धरून थांबला. मग मी म्हणालो, "चालेल."

ढेपा गाडीत भरल्या. परतीच्या वाटेवर मी पवारांना मिसळीचे पैसे देऊ दिले.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं की यंदाचा गूळ राहूचा नाही, लेबल खोटं आहे, पाकीट परत आणा, राहूचा घेऊन जा. मग पवार आणि मी, दोघांनी दुकानातल्या पाकिटांवरची लेबलं काढली. पवार नखाने सावकाश काढत होते, एकही फाटू दिलं नाही.

सकाळी आप्पा आले. म्हणाले, मेसेज काढून टाक, दुकानाचं नाव जाईल, पिवळ्या गुळाबद्दल एकाने तरी तक्रार केली का? एकाने केली, मी म्हणालो. आप्पा म्हणाले, तुझं डोकं ठिकाणावर नाही, आम्ही समजू शकतो. आयुष्यात मी कुणाला दुकानातून बाहेर जा म्हटलं नव्हतं, ते त्या दिवशी म्हटलं. ते सभासद आहेत, दुकान त्यांचंही आहे, तरी म्हटलं. वार्षिक सभेत विषय निघेल. निघू दे.

राहूला जरूर जा. मार्चपर्यंत गुऱ्हाळ चालू असतं. मामांना शिरूरच्या दुकानातून आलो असं सांगा.

पाकिटांवर आता नवीन लेबल आहे. छापलेलं नाही, प्रत्येकावर हाताने लिहितो. मामांचं नाव, मी चाखला आहे, आणि खाली माझं नाव. माझं अक्षर वाईट आहे. वाचता येत नाही अशी एक तक्रार कालच आली. त्या बाईंना मी रविवारी सकाळी दुकानासमोर बोलावलं आहे.