घरचा मेकॅनिक

धाकटा दीर मेकॅनिक असणं म्हणजे नशीब, असं व्हॅनवालीला सगळे ऐकवत. नशीबच ते! शाळेच्या पोरांची ने-आण करायची तिची व्हॅन भाऊजींनी भंगारातून उभी केली होती, तिला चालवायलाही त्यांनीच शिकवलं होतं. एवढ्या उपकारांखाली माणूस तक्रार करणार तरी कोणत्या तोंडाने?

तक्रार ब्रेकची होती. पेडल पहिल्यांदा दाबलं की पोकळ जाई, दुसऱ्यांदा दाबलं की लागे. भाऊजींनी गाडी गॅरेजसमोरच्या सपाट गल्लीत फिरवून आणली आणि हसले.

"वहिनी, ब्रेक झकास आहे. तुमचा पाय हलका आहे. जरा जोर लावा."

तिने जोर लावला. तरी शाळेचा उतार आला की ती हँडब्रेकवर हात ठेवून पेडल पुन्हा पुन्हा दाबत खाली येई, आणि मागे पोरं आपली खुशाल गाणी म्हणत असत. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "घरचा माणूस सोडून परक्याच्या दारात गेलीस तर त्याला काय वाटेल?" पोरांचं काय होईल, हे कोणी विचारत नव्हतं.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी तिने धीर केला. आडून आडून चौकशी करत तिने गावाच्या पार दुसऱ्या टोकाचा एक मेकॅनिक शोधला होता. जाड चष्म्याचा, मोजकं बोलणारा. हा माणूस कधी खोटं बोलत नाही, असं त्याचं नाव होतं. त्याने बॉनेट उघडलं, आत वाकला आणि तसाच थांबला. आतल्या वायरींना निळी चिकटपट्टी गुंडाळून वर दुहेरी गाठ मारलेली होती.

"हा हात माझ्या ओळखीचा आहे," तो म्हणाला. "ताई, दुसऱ्याच्या हातातल्या गाडीच्या कामाला त्याला विचारल्याशिवाय आम्ही हात लावत नाही. आमच्या धंद्याची रीतच आहे तशी."

"अहो, नका ना फोन करू!"

पण फोन लागलासुद्धा. खोटं न बोलणारा माणूस हवा होता ना, घ्या आता!

भाऊजी आले ते चेहरा पाडूनच. "मला एका शब्दाने सांगायचं तरी, वहिनी." तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. किल्ली देता देता तिच्या तोंडून निघून गेलं, "शाळेच्या उतारावरून चला. मी शेजारी बसते."

उतारावर भाऊजींनी ब्रेक दाबला. पेडल पोकळ गेलं. पुन्हा दाबला, पुन्हा दाबला, मग घाईघाईने हँडब्रेक खेचला. व्हॅन शाळेच्या फाटकाला नाक लावून थांबली.

"रोज असंच?" कपाळावरचा घाम पुसत त्यांनी विचारलं.

"रोज."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, माझा पाय हलका आहे."

भाऊजींनी खिशातून फोन काढला. मग त्यांनीच चष्मेवाल्याला बोलावून घेतलं. त्याने ब्रेकला दाब देणारा मास्टर सिलिंडर बदलला. पहिल्याच दाबात ब्रेक लागला तेव्हा तिला रडू फुटलं.

"वहिनी, एवढं करा," भाऊजी हळूच म्हणाले, "घरी सांगा, मीच केलं."

त्यांचा तो चेहरा बघून ती नाही कशी म्हणणार?

संध्याकाळी नवऱ्याने भावाची पाठ थोपटली. "बघ, मी म्हणत नव्हतो? यापुढे दुसऱ्या मेकॅनिकचं नावसुद्धा काढायचं नाही."

तिने भाऊजींकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

"नाही काढणार," ती म्हणाली.